डेनिस बर्किट : आजार कुठं आहे आणि कुठं नाही, हे पाहणारे डॉक्टर



आहाराचा पाठ आपण सगळेच शिकवतो. तक्ता लावतो, फळांची चित्रं चिकटवतो आणि पालेभाज्या खा असं सांगतो. मीही चौथीच्या वर्गात हा पाठ शिकवत होते. मुलांना पटावं म्हणून बोलण्याच्या भरात मी एक वाक्य जास्तीचं बोलून गेले. रोज भाज्या आणि फळं खाणाऱ्याला कॅन्सर होत नाही, असं सांगून टाकलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आजी जन्मभर स्वतःच्या शेतातली भाजी आणि भाकरी खात आली होती, आणि तिला कॅन्सर झाला होता. मग आजीनं काय चुकीचं खाल्लं, असं त्या मुलीनं मला विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घंटा झाली आणि मी सुटले. पण तो प्रश्न काही सुटला नाही. भाज्या-फळं आणि कर्करोग यांचा संबंध मुळात कुणी शोधला, किती खात्रीनं शोधला, हे वाचू लागले तेव्हा एका डॉक्टरांची गोष्ट सापडली. ती तुम्हाला सांगते. वर्गात सांगण्यासारखी आहे, आणि आपण मोठ्यांनी नीट समजून घेण्यासारखीही आहे.

बालपण आणि एक अपघात

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधल्या एनिस्किलन या गावी झाला. आज हे गाव उत्तर आयर्लंडमध्ये येतं. वडील जेम्स बर्किट हे त्या भागाचे सरकारी अभियंता होते. रस्ते आणि पूल ही त्यांची नोकरी. पण त्यांना पक्ष्यांचं वेड होतं. घराच्या आसपास येणाऱ्या रॉबिन या चिमुकल्या पक्ष्यांच्या पायांत ते कडी अडकवत. कोणता पक्षी कुठं राहतो, त्याची हद्द कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, याचे नकाशे काढत. पक्षी अभ्यासकांमध्ये त्यांचं हे काम आजही मानलं जातं. वडिलांची ही नकाशाची सवय लक्षात ठेवा. पुढं मुलाच्या आयुष्यात ती पुन्हा दिसणार आहे.

डेनिस अकरा वर्षांचे असताना मुलांच्या दगडफेकीत एक दगड त्यांच्या चष्म्याच्या काचेवर लागला. काच डोळ्यात गेली आणि उजवा डोळा कायमचा गेला. आपल्या मैदानावर दगड उचलणारं पोर दिसलं की आपण का ओरडतो, हे सांगायला एवढं एक उदाहरण पुरे आहे.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते आधी वडिलांसारखं अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथं त्यांचं मन लागेना. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आपलं आयुष्य कशासाठी वापरायचं, यावर बराच विचार करून ते वैद्यकाकडे वळले आणि १९३५ मध्ये डॉक्टर झाले. त्यानंतर शल्यचिकित्सेची म्हणजे सर्जरीची मोठी परीक्षा दिली. जहाजावरचे डॉक्टर म्हणून काही महिने समुद्रावरही काढले.

त्यांना आफ्रिकेत काम करायचं होतं. त्या वेळी तिथं ब्रिटिश सरकारची आरोग्यसेवा होती. त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. एका डोळ्याचा सर्जन सरकारला नको होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. त्या निमित्तानं आफ्रिका पाहिली, सिलोनमध्येही, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, राहिले. १९४३ मध्ये ऑलिव्ह या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि १९४६ मध्ये त्यांना युगांडात नेमणूक मिळाली.

युगांडातला सर्जन

पहिली नेमणूक लिरा या दूरच्या गावात झाली. ऑपरेशन, बाळंतपण, ताप, जखमा असं सगळं तिथं एकाच डॉक्टरनं पाहायचं. तिथं त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. अंडवृद्धीचे रोगी जिल्ह्याच्या एका बाजूनं फार येत होते आणि दुसऱ्या बाजूनं क्वचितच. दुसरा एखादा डॉक्टर ऑपरेशन करून मोकळा झाला असता. बर्किट मात्र कोणता रोगी कुठून आला याची नोंद ठेवू लागले. वडिलांनी पक्ष्यांचं जे केलं होतं, तेच मुलगा आजारांचं करू लागला होता.

पुढं त्यांची बदली राजधानी कंपालातल्या मुलागो रुग्णालयात झाली. १९५७ मध्ये तिथले सहकारी डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक मूल पाहायला बोलावलं. पाच वर्षांचा मुलगा होता. वरचा आणि खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजला होता, दात हलत होते. गाठ असती तर एका जागी असती. जंतूची लागण म्हणावी, तर तीही एकाच वेळी चार ठिकाणी कशी होईल? बर्किटना काहीच कळेना. त्यांनी फोटो काढून ठेवला.

काही आठवड्यांनी ते जिंजा या गावच्या दवाखान्यात गेले होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते तिथं हे गाव आहे. वॉर्डात फिरताना त्यांचं सहज खिडकीबाहेर लक्ष गेलं. गवतावर एक आई मुलाला घेऊन बसली होती आणि त्या मुलाचा चेहरा तसाच सुजलेला होता. त्यांनी तपासलं तर पोटातही गाठी होत्या. एकदा दिसलं तर नवल म्हणून सोडून देता येतं. दोनदा दिसलं तेव्हा त्यांनी मुलागोचं जुनं दप्तर उघडलं. जबड्याच्या, पोटाच्या, मूत्रपिंडाच्या गाठी म्हणून वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली कितीतरी मुलं त्यात निघाली. आजार मात्र एकच असावा असं दिसत होतं. १९५८ मध्ये त्यांनी त्यावर पहिला लेख लिहिला. आज या कर्करोगाला जगभर बर्किट लिंफोमा म्हणतात.

दहा हजार मैलांची सहल

आता प्रश्न होता तो हा आजार कुठं आहे आणि कुठं नाही याचा. बर्किटकडे प्रयोगशाळा नव्हती, मोठं अनुदान नव्हतं. त्यांनी सुजलेल्या जबड्यांचे फोटो असलेली पत्रकं छापली आणि आफ्रिकाभरच्या दवाखान्यांना पाठवून विचारलं की असं मूल तुम्ही पाहिलं आहे का. उत्तरं येतील तसतशा नकाशावर खुणा केल्या. आफ्रिकेच्या मधोमध एक पट्टा तयार झाला. दक्षिणेकडे तो कुठं संपतो, ते कळत नव्हतं.

म्हणून १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन ते स्वतः निघाले. जुनी, वापरलेली फोर्ड गाडी घेतली. युगांडापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुमारे दहा हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटरचा प्रवास केला. वाटेतल्या पन्नासहून जास्त दवाखान्यांत थांबून डॉक्टरांना तेच फोटो दाखवले आणि तोच प्रश्न विचारला. कुठं हो आणि कुठं नाही, ते लिहून घेतलं.

परत आल्यावर चित्र स्पष्ट झालं. उंच डोंगराळ, थंड भागात हा आजार नव्हता. पाऊस कमी असलेल्या कोरड्या भागातही नव्हता. उष्ण आणि भरपूर पावसाच्या सखल भागात होता. म्हणजे हा नकाशा डासांच्या, मलेरियाच्या नकाशाशी जुळत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं लंडनला व्याख्यान झालं होतं. ते ऐकायला अँथनी एपस्टाइन नावाचे एक तरुण संशोधक बसले होते. या आजारामागे विषाणू असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. बर्किट गाठींचे तुकडे विमानानं लंडनला पाठवत राहिले आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना त्यात नवा विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी संबंध असलेला तो पहिला विषाणू. आज आपल्याला माहीत आहे की या विषाणूची लागण आणि वारंवार होणारा मलेरिया या दोन्हींचा त्या आजारात हात असतो.

याच काळात बर्किट यांनी या मुलांना कर्करोगाची औषधं देऊन पाहिली. काही मुलं नुसत्या औषधांनी बरी झाली. नुसत्या औषधांनी कर्करोग बरा होऊ शकतो हे दाखवणाऱ्या पहिल्या काही उदाहरणांत ही मुलं आहेत.

भाज्या कुठं आल्या?

तुम्ही म्हणाल, यात भाज्या-फळं कुठं आहेत? तिकडेच येते आहे. पण आधीची गोष्ट सांगणं गरजेचं होतं, कारण बर्किटनी पुढं जे केलं ते याच पद्धतीनं केलं.

१९६६ मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी त्यांची ओळख पीटर क्लीव्ह या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरांशी झाली. मैदा आणि साखर वाढली तसे शहरी लोकांचे अनेक आजार वाढले, असं क्लीव्ह यांचं मत होतं. बऱ्याच डॉक्टरांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. बर्किटनी मात्र ऐकून घेतलं, कारण त्यांना स्वतःचा अनुभव आठवला. आफ्रिकेत वीस वर्षं ऑपरेशनं केली, पण अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांची ऑपरेशनं खेड्यातल्या लोकांवर त्यांना क्वचितच करावी लागली होती. इंग्लंडमध्ये हीच ऑपरेशनं सर्जनच्या रोजच्या कामाची होती.

जुनी युक्ती त्यांनी पुन्हा वापरली. आफ्रिका आणि आशियातल्या खेड्यापाड्यांतल्या मिशन रुग्णालयांना पत्रं पाठवली. या महिन्यात अपेंडिक्सचे किती रोगी आले, आतड्याच्या कर्करोगाचे किती, एवढंच विचारलं. महिन्यामागून महिने उत्तरं येत राहिली. त्यांतून दिसलं ते असं की धान्य, कंद, डाळी-शेंगा आणि भाज्या खाणाऱ्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग फार कमी होता.

मग हे वंशामुळं असेल का? बर्किटनी त्याचाही विचार केला. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत हा कर्करोग गोऱ्या लोकांइतकाच दिसत होता. म्हणजे रक्त तेच, पण राहणं-खाणं बदललं आणि आजारही बदलला.

आतड्यातला प्रवास

पोटात नेमकं काय घडतं हे पाहण्यासाठी बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. क्ष-किरणात दिसतील असे प्लॅस्टिकचे बारीक मणी लोकांना गिळायला दिले. नंतर त्यांची विष्ठा पिशव्यांत गोळा करून वजन केलं आणि एक्स-रे काढून मणी किती तासांनी बाहेर पडले ते मोजलं. ऐकताना हसू येतं. वर्गात सांगितलं तर मुलं नक्कीच खिदळतील. खिदळू द्या, गोष्ट लक्षात राहील. बर्किट स्वतःही व्याख्यानात विष्ठेचे फोटो पडद्यावर दाखवायचे आणि मोठमोठ्या डॉक्टरांना हसवायचे.

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहा. युगांडातल्या खेडुतांमध्ये अन्नाचा पोटातला प्रवास सरासरी सुमारे ३५ तासांत संपत होता आणि दिवसाची विष्ठा ४०० ग्रॅमहून जास्त भरत होती. इंग्लंडमधल्या आरमारी कुटुंबांत त्याच प्रवासाला ८० तासांच्या आसपास लागत होते आणि विष्ठा भरत होती जेमतेम १०० ग्रॅम.

हा फरक कशामुळं? आपल्या पाठ्यपुस्तकात ज्यांना तंतुमय पदार्थ म्हणतात, त्यांच्यामुळं. आपली आजी त्याला चोथा म्हणते. धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे दांडे, फळांची साल आणि गर यांत हा चोथा असतो. आपल्या शरीराला तो पचवता येत नाही, म्हणून पूर्वी डॉक्टर त्याला निरुपयोगी समजत. बर्किट म्हणत होते की ज्याला आपण कचरा समजून चाळणीत टाकून देतो, त्याचंच काम मोठं आहे. चोथा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि मोठा होतो, लवकर पुढं सरकतो. आतड्यात एखादं घातक द्रव्य असेल तर ते पातळ होतं आणि आतड्याच्या अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाही.

नंतरच्या संशोधनानं यात भर घातली. मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात आणि निरोगी राहतात. म्हणजे चोथा आपण आपल्यासाठी खातो, तसा त्या जिवाणूंसाठीही खातो.

बर्किटनी सामान्य लोकांसाठी आहारातल्या चोथ्यावर पुस्तक लिहिलं, देशोदेशी व्याख्यानं दिली. व्याख्यानात ते एक चित्र दाखवायचे. नळ उघडा आहे, हातधुण्याचं भांडं भरून पाणी जमिनीवर वाहतंय आणि माणसं वाकून वाकून फरशी पुसताहेत. नळ बंद करायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. स्वतः सर्जन असलेला हा माणूस सांगत होता की नुसती ऑपरेशनं करत बसणं म्हणजे फरशी पुसणं आहे. २३ मार्च १९९३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथं त्यांचं निधन झालं.

त्यांचं कितपत बरोबर निघालं?

इथं आपल्याला थांबायला हवं. कारण मी वर्गात जी चूक केली ती इथंच होते. थोर माणसाची गोष्ट सांगताना आपण त्याचं सगळंच बरोबर ठरवून टाकतो.

बर्किटवर त्या काळीही टीका झाली. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की आफ्रिकेतल्या खेड्यांत लोकांचं आयुष्यच कमी होतं आणि आतड्याचा कर्करोग तर बहुधा उतारवयात होतो. शिवाय ते लोक मांस कमी खात होते, अंगमेहनत जास्त करत होते, लठ्ठ नव्हते. मग सगळं श्रेय एकट्या चोथ्याला कसं द्यायचं? हे आक्षेप रास्त होते. एकाच गोष्टीवर फार भर देणं ही बर्किट यांची मर्यादा होती.

पुढचे पुरावेही सरळ रेषेत आले नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत १९९९ मध्ये चोथ्याचा काहीच फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात भरपूर चोथा, फळं आणि भाज्या खाऊनही आतड्यात पुन्हा गाठी येणं चार वर्षांत कमी झालं नाही. मग २००३ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीत उलट दिसलं. सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग सुमारे एक चतुर्थांशानं कमी होता. २०१५ मध्ये एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि वीस दक्षिण आफ्रिकी खेडूत यांनी दोन आठवडे एकमेकांसारखं जेवण घेतलं. तेवढ्या काळातही अमेरिकनांच्या आतड्यातली सूज कमी झाली, आणि आफ्रिकी लोकांत कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेले बदल दिसू लागले. कर्करोग झाला किंवा टळला असं यातून सिद्ध होत नाही, पण बर्किट यांची दिशा चुकीची नव्हती हे दिसतं.

इतर कर्करोगांचं काय? युरोपातल्याच त्या पाहणीतून २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा की फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये सगळे कर्करोग मिळून धोका कमी असतो, पण अगदी थोडाच कमी असतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी जरूर वाचावी. भाज्या-फळांतलं सत्त्व काढून गोळी दिली तर? गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांच्या प्रयोगात गोळ्यांमधून दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला होता. गाजर खाणं आणि गाजराची गोळी खाणं एक नाही. म्हणून जाहिरात पाहून मुलांसाठी महागड्या गोळ्या आणि पावडरी आणू नका. तेच पैसे मंडईत खर्च करा.

आपण काय सांगायचं, काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत असं सांगते. त्यात बटाट्यासारखे कंद धरलेले नाहीत. यासाठी महागडी फळं लागत नाहीत. मेथी, शेवग्याचा पाला, गवार, गाजर, पेरू, बोरं चालतात. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मोड आलेली मटकी असली की चोथ्याची चिंता नको. फळाचा रस गाळून देण्यापेक्षा फळ चावून खाऊ द्या, कारण गाळणीत राहतो तोच तर चोथा.

शिक्षकांसाठी एक सूचना. मुलांचे डबे उघडून तपासू नका. ज्याच्या डब्यात नुसती चटणी-भाकरी आहे ते पोर आधीच डबा झाकून खातं. त्यापेक्षा बर्किटसारखं मोजू द्या. आठवडाभर गावातल्या बाजारात, परसबागेत, शेताच्या बांधावर कोणती भाजी कुठं मिळते याची मुलांकडून नोंद घ्या आणि गावाचा नकाशा काढून त्यावर खुणा करा. कुठं काय आहे आणि कुठं काय नाही, हे मुलांना स्वतःला दिसेल. परिसर अभ्यास आणि गणित दोन्ही त्यात येतात.

आणि हेही स्पष्ट सांगा की आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू आणि गुटखा आहे. दिवसभर पुडी तोंडात ठेवून रात्री पालकाची भाजी खाल्ली तर ती भाजी पुडीची भरपाई करत नाही. शौचातून रक्त जात असेल, गाठ लागत असेल, तर खाणं बदलून वाट पाहत बसू नका, डॉक्टरकडे जा. भाज्या-फळं धोका कमी करायला मदत करतात. झालेला कर्करोग त्यांनी बरा होत नाही.

त्या मुलीला मी उत्तर दिलं, पण पंधरा दिवसांनी. सगळ्या वर्गासमोर आधी कबूल केलं की मी चुकीचं बोलले होते. मग विचारलं की छत्री घेऊन निघालं तर माणूस भिजतच नाही का. मुलं म्हणाली की जोराचा पाऊस असला की भिजतो. मग छत्री घ्यायचीच नाही का, असं विचारल्यावर सगळी नाही म्हणाली. भाज्या-फळं ही तशी छत्री आहे, असं मी सांगितलं. आजीनं काही चुकीचं खाल्लं नव्हतं. तिनं छत्री घेतली होती, पण त्या दिवशी पाऊसच फार मोठा होता. ती मुलगी काही बोलली नाही, पण मान हलवून खाली बसली.

हा पाठ शिकवताना माझ्या हातून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून एवढं लिहिलं. भाजी खा असं मुलांना जरूर सांगा. पण आजारी माणसाकडे बोट दाखवलं जाईल असं काही बोलू नका. वर्गातल्या कुठल्या बाकावर कुणाची आजी, कुणाची आई आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.